वाळल्या भिंतीवरची माय

त्या चित्रकाराचं नाव मला पाठ आहे, पण मी ते मोठ्यानं घेत नाही. एक तर जिभेला तसं वळण नाही, आणि दुसरं म्हणजे लाज वाटते. माझे मालक रंगारी आहेत, लोकांची घरं रंगवतात. एकदा पुट्टी भरता भरता ते म्हणाले, "माझं नाव घ्यायचं म्हनलं की हिला उखाणा लागतो. आता त्या इटलीच्या म्हाताऱ्याचं पण घे एकदा उखाण्यात." मी पदर तोंडाला लावला. ज्याला मरून पाचशे वर्षं झाली त्याच्यावरून नवऱ्यानं चिडवावं आणि आपण लाजावं, हे हसण्यासारखंच आहे. इथंही मी त्याचं नाव लिहिणार नाही. कोणाचंच लिहिणार नाही.

त्यानंही म्हणे वह्या लिहून ठेवल्या होत्या. डाव्या हातानं, उलट्या अक्षरात, आरशात धरल्याशिवाय वाचता येऊ नयेत अशा. मला त्याची गरज नाही. मी चौथी शिकलेली, माझं सरळ लिहिलेलंसुद्धा घरात कोणाला लागत नाही.

आमच्या कामात रंग लावणं मालकांकडं आणि खरवडणं माझ्याकडं. जुना रंग पत्तीनं खरवडायचा, सुटलेले पोपडे झाडायचे, ओल कुठून आली ते बघायचं. भिंतीला तळहात लावला की मला कळतं ती आतून कशी आहे. हे एवढंच मला येतं. दहा-बारा वर्षांखाली आखाडा बाळापुरात एका सरांचं घर रंगवायला घेतलं होतं. सर शाळेत चित्रकला शिकवायचे, नुकतेच रिटायर झाले होते. रंगाच्या आधी सामान काढताना मी त्यांच्या कपाटातली पुस्तकं पलंगावर रचत होते. त्यातलं एक जाड पुस्तक हातातून सटकलं आणि उघडं पडलं. दोन्ही पानं भरून एक चित्र होतं. लांब टेबलाशी बसलेली माणसं, समोर ताटल्या, भाकरीसारखं काहीतरी. पण मला माणसं नंतर दिसली. आधी पोपडे दिसले.

मी बोलत नाही. कोणाच्या घरी काम करताना पाणीसुद्धा मागत नाही. पण त्या दिवशी माझ्या तोंडून निघून गेलं, "एवढी चांगली भिंत कोणी नासवली?"

सर दारात उभे होते. म्हणाले, "ज्यानं चित्र काढलं त्यानंच."

मग त्यांनी काम थांबवून मला सांगितलं. मालक शिडीवरून ऐकत होते. त्या काळात तिकडं भिंतीवर चित्र काढायचं तर ओल्या चुन्यावर काढत. आज जेवढं काढून होईल तेवढ्याच जागेला गिलावा करायचा आणि तो वाळायच्या आत उरकायचं. रंग चुन्यात मुरतो आणि मग शेकडो वर्षं हलत नाही. पण ह्या माणसाला घाई जमत नसे. कधी सूर्य उगवल्यापासून अंधार पडेपर्यंत तहानभूक विसरून काम करायचा. कधी तीन-तीन दिवस हात लावायचा नाही, नुसता समोर उभा राहून बघायचा. कधी भर उन्हात कुठून तरी यायचा, एक-दोन फटकारे मारायचा आणि निघून जायचा. ओला चुना एवढी वाट बघत नाही. म्हणून त्यानं वाळल्या भिंतीवर काढलं. आणि तो जिवंत असतानाच चित्र सुटायला लागलं.

"असा कारागीर माझ्याकडं असता तर दुसऱ्या दिवशी हाकलला असता," मालक वरून म्हणाले.

सर हसले. मी विचारलं, "त्याला ठाऊक न्हवतं का, वाळल्या भिंतीवर रंग धरत न्हाई ते?"

"ठाऊक असणार. पण ओल्या भिंतीवर विचार करायला सवड मिळत नाही, बाई."

एवढं बोलून ते आत गेले. मी खरवडत राहिले, पण हात कुठं चालला होता ते मला कळत नव्हतं. मला माझी माय आठवत होती.

मी चौथीत असताना माय गेली. ताप आला आणि तीन दिवसांत गेली. तिचा एकही फोटो नाही. भाऊ दीड वर्षाचा होता, त्याला मी कडेवर घेतलं आणि शाळा सुटली ती सुटलीच. बाप मायचा विषय काढू द्यायचा नाही. म्हणजे मायचा चेहरा आता एकाच जागी होता, माझ्या डोक्यात. भाऊ लहानपणी विचारायचा, "अक्का, माय कशी होती?" मी म्हणायचे, "गोरी न्हाई, काळी न्हाई." तो म्हणायचा, "मंग?" त्या 'मंग'च्या पुढं मला बोलता यायचं नाही. मी गेले की तो चेहराही जाणार, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा सुचलं.

मी चित्र कधी काढलं नव्हतं. शाळेच्या पाटीवर बाहुली काढली असेल तेवढीच. पण रंग घरात नेहमीचे, डब्यांच्या तळाशी उरलेले. आतल्या खोलीच्या भिंतीवर मी जागा ठरवली. मालकांनी चेष्टा केली नाही. म्हणाले, "मी ताजा चुना मारून देतो. वलं हाय तवर काढ, धरंल." मी नको म्हणाले. मायचा चेहरा मला सलग कधीच दिसत नव्हता. एक दिवस नुसतं कपाळ यायचं, चार दिवसांनी भुवई. ओली भिंत माझ्यासाठी एवढी थांबली नसती.

सरांच्या घरचं काम संपल्यावरही मी कधी उन्हाळ्यात पापड लाटायला, कधी डाळ करायला त्यांच्याकडं जात होते. सर आपण होऊन त्या चित्रकाराचं सांगायचे. तो पिंजऱ्यातली पाखरं विकत घ्यायचा आणि सोडून द्यायचा. हे घरी सांगितलं तर मालक म्हणाले, "तरीच चित्र पुरी झाली न्हाईत." आणि खरंच, त्याची कितीतरी चित्रं अर्धीच राहिली. त्या जेवणाच्या चित्रातही शेवटी दोन चेहरे अडून बसले होते. एक मधल्याचा, ज्याला ते लोक देव मानतात, आणि एक त्याला दगा देणाऱ्याचा. दगाबाजाचा चेहरा सापडावा म्हणून तो लुच्च्या लोकांच्या वस्तीत हिंडत राहिला.

ते ऐकून मीही बाळापूरच्या बाजारात चेहरे बघायला लागले. मायची हनुवटी मला येत नव्हती. भाजीच्या रांगेत एका बाईची हनुवटी तशी वाटली आणि मी बघतच उभी राहिले. ती म्हणाली, "काय बघून राहिली बाई? वांगे घ्यायचे का सोयरीक जुळवायची?" आजूबाजूच्या बाया हसल्या. मी लाजून नको असलेले वांगे घेऊन आले. वाटेत ध्यानात आलं, माय गेली तेव्हा ती तिशीचीसुद्धा नव्हती. माझ्या लेकीच्या वयाच्या बायांमध्ये मी माझी माय शोधत होते.

पाच महिने लागले. एक दिवस तिच्या ओठाजवळ मी थोडा गेरू लावला, मागं सरले आणि रडले, कारण ती होती. हे मी खोटं लिहीत नाही. त्या दिवशी ती भिंतीवर होती. डोकं माझ्याकडं जरा वळवून, आता काहीतरी काम सांगणार अशी.

भाऊ हिंगोलीत नोकरीला आहे. तो सुट्टीला आला तेव्हा मी त्याला आत नेलं. त्यानं दारातच चप्पल काढली. भिंतीजवळ गेला.

"अशी होती?"

"अशीच."

"व्हय," तो म्हणाला. पुढच्या वेळी तो लेकरांना घेऊन आला आणि त्यांना भिंतीपुढं उभं केलं. "ही तुमची आजी. पाया पडा."

दुसऱ्याच वर्षी कपाळावर पोपडा सुटला. मला ठाऊक होतंच, दुसऱ्यांच्या भिंती बघून मला कळतं आणि माझी कळणार नाही असं कसं होईल. मी पोपडा हलक्या हातानं दाबला, तो बोटाला चिकटून आला. तेवढ्या जागेवर मी पुन्हा रंग लावला. पुढच्या पावसाळ्यानंतर गाल गेला. गालावरची सावली कशी उतरते ते मला पहिल्यासारखं आठवेना, म्हणून मी समोर आरसा ठेवला आणि माझ्या गालावर बघून घेतलं. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. लेकीचा गाल मायसारखाच असणार. नंतर नाक. मग डोळ्याखालचा भाग. दर साली थोडं थोडं, आणि दर साली आरसा. भाऊ म्हणायचा, "अक्का, माय आता लई साफ दिसून राहिली." मला बरं वाटायचं.

सरांनी एकदा त्या चित्रकाराच्या आईचं सांगितलं होतं. ती गरीब कष्टाची बाई होती, त्याच्या बापानं तिच्याशी लग्न केलं नाही, तिला दुसरीकडं देऊन टाकलं आणि लेकरू स्वतःकडं ठेवलं. "त्यानं आईचं चित्र काढलं का?" मी विचारलं. सर म्हणाले, "काढलं असेल तरी कोणाला माहीत नाही." मला त्या वेळी त्याचा राग आला. वाटलं, असला हात असून आईला काढलं नाही, हा कसला माणूस.

दीड वर्षाखाली माझा बाप गेला. ते चित्र बघायला तो कधी आला नाही. वर्ष झालं तेव्हा भावानं गावात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम ठेवला. विहारासमोर मांडव घातला आणि मांडवाच्या तोंडाशी मोठा फ्लेक्स लावला. त्यावर एका बाजूला बापाचा फोटो आणि दुसऱ्या बाजूला मायचा. माझ्या भिंतीवरचं चित्र त्यानं मोबाइलवर काढून नेलं होतं. फ्लेक्सवाल्यानं मागची भिंत काढून तिथं निळं आभाळ टाकलं होतं, साडीला काठ दिला होता आणि केस काळेभोर केले होते. माय माणसाच्या दुप्पट उंचीची झाली होती. येणारं जाणारं माणूस हात जोडत होतं.

शिरड शहापूरहून मावशी आली होती, मायची चुलतबहीण. तिला आता चालवत नाही, क्वचितच बाहेर निघते, माझ्या घरी तर ती कधी आलीच नव्हती. रिक्षातून उतरली, फ्लेक्सपुढं आली आणि काठी आपटून म्हणाली, "काहून रे, जित्या माणसाचा फोटो मयताच्या शेजारी लावतेत का? काढा तो आधी!"

भाऊ पळत आला. "कोण जितं, मावशी? माय हाय ती."

"कोणाची माय? ही तर तुझी अक्का हाय. केस काळे करून बसवली."

सगळे हसले. भाऊही हसला. "मावशीच्या डोळ्याचं आपरेशन राहिलंय अजून."

"डोळ्याचं राहिलं असंल. ध्यानाचं न्हाई राहिलं," मावशी म्हणाली. पण तोवर भन्ते आले आणि वंदना सुरू झाली.

मी मांडवात मागं बसले होते. समोर तो फ्लेक्स. माझं नाक, माझे गाल, माझ्या डोळ्याखालची सुरकुती. आता ते मला एवढं उघड दिसत होतं की इतक्या लोकांपैकी एकालाही कसं दिसत नाही याचं नवल वाटत होतं. मला उठून सांगावंसं वाटलं. पण मी चारचौघांत कधी बोललेली नाही, आणि बोलून सांगणार काय? भाऊ माईकवर मायविषयी बोलत होता. त्याला तिच्याविषयी ठाऊक असलेलं सगळं मी सांगितलेलंच होतं.

जेवणं चालू असताना मी मावशीजवळ जाऊन बसले. "मावशी, माय कशी होती?"

"चांगली होती पोरी. लई कामाची."

"तोंड कसं होतं?"

"तोंड? तोंडावर देवीचे वण होते की. आमा दोघींला संगंच देवी निघाल्या होत्या. माझ्या इकडं राहिले, तिच्या नाकापाशी अन् हनुवटीवर." तिनं माझं बोट धरलं आणि स्वतःच्या गालावरून फिरवलं. "हे असे. तुला कसं ठाऊक न्हाई?"

मी नऊ-दहा वर्षांची होईपर्यंत मायच्या कुशीत झोपले. तिच्या गालाला गाल लावून झोपले. ते वण मला आठवत नाहीत. एकही नाही. म्हणजे ज्या दिवशी मी गेरू लावून रडले होते, त्या दिवशीही भिंतीवर ती नव्हती.

आठ दिवसांनी सरांकडं गेले. काय झालं ते सांगितलं नाही, नुसतं विचारलं की त्या पोपडे सुटलेल्या चित्राचं पुढं काय झालं. सर म्हणाले, पुढच्या लोकांनी ते सुधारायला घेतलं. एकानं वरून रंग दिला, त्याचाही सुटला, मग दुसऱ्यानं दिला. कोणाच्या दाढ्या वाढल्या, कोणाचे डोळे बदलले. मधे कोणीतरी भिंतीत दार पाडलं, तेव्हा मधल्या माणसाचे पाय गेले. अखेरीला काही लोक बसले आणि वीस वर्षांहून जास्त काळ वरचा एकेक थर काढत राहिले.

"खाली काय सापडलं, सर?"

"थोडंच. पण जे आहे ते त्याचं आहे."

"आन जिथं काही न्हवतं तिथं?"

"तिथं फिका रंग देऊन सोडून दिलं. मनानं काही काढलं नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी मालक कनेरगाव नाक्याला एका धाब्याच्या कामावर होते. मी वाटीत पाणी घेतलं, कापूस घेतला आणि भिंतीपुढं बसले. खरवडणं हे माझं काम आहे. कोणत्या सालचा थर कोणता, ते मला रंगावरून कळत होतं. एका साली आमच्याकडं बिस्किटी रंग उरला होता, तो निघाला. त्याच्या आधीच्या सालचा पिवळसर, तो निघाला. माझं नाक गेलं. डोळ्याखालची सुरकुती गेली. मला वाटत होतं, निदान पहिल्या वर्षाची ती सापडेल. वण नसलेली का होईना, पण आरशात बघून न काढलेली. हनुवटीपाशी गेरूची एक रेघ लागली. ती पहिल्या वर्षाची होती, मी ओळखली. मी कापूस बदलला, श्वास धरून बोट टेकवलं, आणि ताटाएवढा चुना एकदम सुटून खाली पडला. पाण्यानं भिंत आतून फुगली होती. लोकांच्या भिंतीला मी कधी एवढं पाणी लावलं नसतं.

खाली नुसता गिलावा होता. मी तुकडे गोळा करायला गेले तर हातात पीठ झालं.

तेव्हापासून मी रोज डोळे मिटून तिला आठवायला बसते. मला फ्लेक्सवरची बाई दिसते, निळ्या आभाळापुढं, काळ्याभोर केसांची. ती बाजूला सरत नाही. चुलीपुढं बसलेली माय आठवायला जावं तर चुलीपुढं तीच बसलेली असते. भिंतीवर काढण्याआधी माझ्याकडं काहीतरी होतं, अपुरं होतं, तुकड्यातुकड्यानं येत होतं, पण होतं. ते मी भिंतीला दिलं आणि भिंतीनं परत दिलं नाही. त्या चित्रकाराचा मला आता राग येत नाही. सगळ्या जगात त्याच्यासारखा हात नव्हता, तरी त्यानं आईला काढलं नाही असं म्हणतात, तर त्याला काहीतरी कळलं असेल. एवढं तरी मला वेळेवर कोणी सांगायला पाहिजे होतं.

मागच्या महिन्यात भाऊ आला. हातात कागदात गुंडाळलेली मोठी फ्रेम होती. भिंत बघून तो जागीच थांबला.

"अक्का, हे काय? भिंत काहून खरवडली?"

"वल आली होती."

"बरं झालं मी फोटो काढून ठेवला होता. न्हाईतर माय गेलीच असती." त्यानं कागद फाडला. फ्लेक्सवरचाच चेहरा, काचेत, खाली मायचं नाव. "सगळ्या पाहुण्यांला एकेक दिला. मावशीला पण दिला, तिला काही दिसो न दिसो."

मी सांगणार होते. तोंड उघडलंही होतं. पण तो खिळा शोधत होता, आणि पन्नाशीला आलेला माझा भाऊ त्या वेळी मला कडेवरच्या लेकरासारखा दिसला, जो विचारायचा, "मंग?" मी त्याला काय देणार होते? माझ्याकडं दुसरी माय नव्हती.

त्यानं खरवडलेल्या जागेवरच खिळा ठोकला. फ्रेम लावली, मागं सरला.

"बराबर हाय का?"

"जरा डावीकडं घे," मी म्हणाले.

त्यानं घेतली. मग हात जोडून तो फोटोपुढं उभा राहिला, आणि त्याला वाईट वाटू नये म्हणून त्याच्या शेजारी मीही हात जोडले.